दप्तरातले शहर

नगररचनेच्या अभ्यासक्रमात परदेशी शहराचा दौरा आता रुळला आहे. आठ-दहा दिवसांची सहल, सोबत एक-दोन शिक्षक, आणि शहरेही बहुतेक ठरलेली: सिंगापूर, कोपनहेगन, व्हिएन्ना, कुरितिबा. परत आल्यावर भिंतीवर छायाचित्रे आणि आराखडे लागतात, खाली टिपणे लागतात. या प्रथेला सव्वाशे वर्षांच्या आसपासचा इतिहास आहे आणि तो तपासला की एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे येते. परक्या शहरातून ज्यांनी आपल्या शहराच्या उपयोगी पडेल असे काही आणले, त्यांनी ते जमिनीच्या नोंदी, करांचे कायदे आणि पालिकेचे हिशेब ठेवणाऱ्या कचेरीतून आणले. ज्यांनी डोळ्यांना दिसले तेवढेच उचलले, त्यांच्या हाती सांगाडा आला. सिंगापूरचेच पाहा. १९६० साली स्थापन झालेल्या तिथल्या गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींत आज सुमारे ८० टक्के रहिवासी राहतात. त्या इमारती, त्यांच्या तळमजल्यावरची मोकळी जागा, भोवतीची झाडे हे सगळे पाहुण्याला दिसते. सरकारला २००७ पर्यंत बाजारभावापेक्षा पुष्कळ कमी दरात जमीन घेऊ देणारा १९६६ चा भूसंपादन कायदा दिसत नाही. १९६८ पासून कामगारांना भविष्य निर्वाह निधीतून घराची रक्कम भरता येऊ लागली, तेही दिसत नाही. या दोन गोष्टी काढून घेतल्या तर उरतात त्या कोणत्याही देशात बांधता येतील अशा साध्या उंच इमारती.

या प्रथेचे मूळ वास्तुकलेच्या शिक्षणात आहे. फ्रान्समध्ये सतराव्या शतकापासून ‘रोम पारितोषिक’ देत असत. ते मिळवणारा विद्यार्थी सरकारी खर्चाने काही वर्षे रोमला राही, प्राचीन अवशेषांची मापे घेई आणि त्यांची रेखाटने पॅरिसला पाठवी. पाहणे म्हणजे मोजणे आणि मोजणे म्हणजे रेखाटणे, अशी ती शिस्त होती. १८९९ साली हे पारितोषिक तोनी गार्निए या ल्योंच्या तरुणाला मिळाले. १९०१ साली त्याने रोमहून जे पाठवले त्याने अकादमीतले ज्येष्ठ अस्वस्थ झाले, कारण तो एका काल्पनिक औद्योगिक नगराचा आराखडा होता. सुमारे ३५ हजार वस्तीचे नगर, कारखाने एका बाजूला, घरे दुसऱ्या बाजूला, रुग्णालय उंचावर, मध्ये हिरवा पट्टा. पुढे १९१७ साली हा आराखडा ग्रंथरूपाने आला आणि आधुनिक नगररचनेच्या प्रत्येक इतिहासात त्याला जागा मिळाली. त्या इतिहासांत त्याच्या सुंदर चित्रांचे कौतुक होते. गार्निएने प्रस्तावनेतच घातलेली अट मात्र क्वचितच कुणी वाचते. समाजव्यवस्था बदललेली आहे आणि जमिनीचा विनियोग, पाणी, अन्नधान्य व औषधे यांची व्यवस्था सार्वजनिक सत्तेच्या हाती आहे, असे त्याने गृहीत धरले होते. जमीन कुणाची हा प्रश्न आधी निकालात काढल्यावरच त्याला पुढची रेघ मारता आली. रोममध्ये राहून या तरुणाने इतरांना खांब आणि कमानी दिसत होत्या त्या जागी हा प्रश्न ओळखला, म्हणून तो आजही वाचावासा वाटतो.

नगररचना हा स्वतंत्र विषय म्हणून विद्यापीठात आला १९०९ साली, इंग्लंडमधल्या लिव्हरपूलमध्ये. साबणाचे कारखानदार विल्यम लिव्हर यांच्या देणगीतून तिथे विभाग सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी त्याचे त्रैमासिक निघाले. पॅट्रिक ॲबरक्रॉम्बी या तरुण शिक्षकाने त्यात व्हिएन्ना, ब्रसेल्स, बर्लिन अशा शहरांवर लेख लिहिले. परदेशी शहर हे पाठ्यपुस्तक आहे ही समजूत तिथून रुजली. पण तिची पूर्वतयारी इतर मंडळींनी आधीच केली होती. मँचेस्टरचे टी. सी. हॉर्सफॉल यांनी १९०४ साली जर्मनीच्या नगरविस्ताराचे उदाहरण ब्रिटिश वाचकांसमोर ठेवले. १९०५ साली बर्मिंगहॅमच्या गृहसमितीचे अध्यक्ष जे. एस. नेटलफोल्ड आपल्या सहकाऱ्यांसह जर्मन शहरे पाहून आले. जर्मन पालिका गावाच्या वेशीबाहेर घरे होण्याआधीच रस्ते आखत होत्या, कुठे किती उंच बांधायचे ते ठरवत होत्या आणि दूरदृष्टीने जमीन विकत घेऊन ठेवत होत्या. या तिन्ही गोष्टी एकत्र चालत असत. १९०९ साली ब्रिटनचा गृहनिर्माण व नगररचना कायदा झाला तेव्हा त्यातली पहिली आली, दुसरीही बऱ्याच अंशी आली, तिसरी आली नाही. घरे प्रशस्त झाली, एकरी घरांची संख्या कमी झाली, बागा आल्या. जमिनीच्या किमतीवर पालिकेचा ताबा मात्र आला नाही, आणि गरीब कामगार जुन्या दाट वस्तीतच राहिला. नेटलफोल्ड यांना जमीन-खरेदीचे महत्त्व कळले होते. त्यांनी ते आग्रहाने मांडलेही. पण बाकीच्यांनी पाहिली होती ती रुंद सडक.

अमेरिकेत हेच आणखी ठळक झाले. न्यूयॉर्कचे वकील एडवर्ड बॅसेट १९०८ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फचे नगररचना प्रदर्शन पाहून भारावले. त्यांच्या खटपटीतून १९१६ साली न्यूयॉर्कचा विभागवार बांधकाम-नियम आला आणि १९२६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा नियमांवर शिक्कामोर्तब केले. जर्मनीत हा नियम पालिकेच्या मालकीची जमीन, पालिकेची ट्राम आणि पालिकेची घरे यांच्या जोडीने काम करत होता. ती जोड सुटली आणि अमेरिकी उपनगरांत तोच नियम मोठ्या भूखंडांची सक्ती करून गरिबांना आणि कृष्णवर्णीयांना बाहेर ठेवण्याच्या कामी आला. एकाच औजाराचे दोन देशांत असे दोन उपयोग झाले, आणि हा फरक प्रदर्शनातल्या नकाशांवरून कुणालाही ओळखता आला नसता.

या सगळ्या दौऱ्यांचे मुख्य ठिकाण फ्रँकफुर्ट होते, आणि त्याच्याशी महाराष्ट्राचे नाते थेट आहे. फ्रान्झ आडिकेस १८९१ पासून १९१२ पर्यंत तिथले महापौर होते. शहर वाढत होते, पण वेशीबाहेरची शेते पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटण्यांमुळे लांबच लांब, अरुंद, वेड्यावाकड्या पट्ट्यांत विभागली गेली होती. त्यांतून सरळ रस्ता काढला तर कुणाचा अख्खा पट्टा जाई आणि कुणाच्या पट्ट्याला रस्त्याचे तोंड फुकट मिळे. उरलेल्या तुकड्यांवर घर उभे करणे अशक्य होई. प्रत्येक तुकडा पैसे देऊन संपादन करायचा तर पालिका बुडाली असती. आडिकेस यांनी सुचवलेला मार्ग असा: त्या भागातल्या सगळ्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, त्यातून रस्ते आणि चौक वजा करायचे, आणि उरलेली जमीन प्रत्येकाला त्याच्या वाट्याच्या प्रमाणात नव्या, नीट आकाराच्या भूखंडाच्या रूपात परत द्यायची. रस्त्यांसाठी मोबदल्याशिवाय घ्यायचा हिस्सा ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकत असे. जमीनमालकांचे वजन असलेल्या प्रशियाच्या विधिमंडळात हा प्रस्ताव जवळजवळ दहा वर्षे रखडला. १९०२ साली मंजूर झाला तोही आधी एकट्या फ्रँकफुर्टपुरता. लोक त्याला आडिकेस यांचाच कायदा म्हणू लागले. फ्रँकफुर्टचे रस्ते हिंडून हा कायदा कुणालाही दिसला नसता. दिसले असते ते सरळ रस्ते आणि सारख्या रुंदीचे भूखंड, आणि पाहणाऱ्याने ते जर्मन शिस्तीच्या खाती जमा केले असते.

मुंबई इलाख्यात १८९६ च्या प्लेगनंतर सुधारणेची घाई झाली. १८९८ साली मुंबई शहर सुधारणा विश्वस्त मंडळ, म्हणजे लोकांच्या तोंडचा ‘इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’, स्थापन झाले. ट्रस्टची रीत सरळ होती. जमीन पूर्ण मोबदला देऊन घ्यायची, पाडायची, आखायची, भाड्याने द्यायची. ही रीत महाग होती आणि वस्ती साष्टीत, वांद्रे-पार्ल्याकडे सरकू लागल्यावर तिथल्या लहान नगरपालिकांना ती परवडणारी नव्हती. साष्टीतली भातखाचरे आणि वाड्या भाऊवाटणीने तशाच चिंधड्या झालेल्या होत्या, जशी फ्रँकफुर्टची शेते. मुंबई सरकारने १९१३ साली छापलेला एक अहवाल या टप्प्यावर महत्त्वाचा ठरतो. बी. डब्ल्यू. किस्सन या सनदी अधिकाऱ्याचा तो अहवाल जर्मनीतल्या नगररचना-कायद्यांवर आहे. विषय जर्मन शहरे हा नाही, जर्मन कायदे हा आहे. दोनच वर्षांत, १९१५ साली, मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा झाला. हिंदुस्थानातला हा पहिला नगररचना कायदा. त्याची बाह्य रचना ब्रिटनच्या १९०९ च्या कायद्यासारखी होती, पण त्याचा गाभा ब्रिटिश कायद्यात नव्हता. मूळ भूखंड एकत्र करायचे, सीमा नव्याने आखायच्या, प्रत्येकाला ‘अंतिम भूखंड’ द्यायचा, किमतीतला फरक लवादाने ठरवायचा, आणि सुधारणेमुळे वाढलेल्या किमतीचा निम्म्यापर्यंत हिस्सा नगरपालिकेने घ्यायचा. लंडनला जे जमले नव्हते ते मुंबईने उचलले. कारण इथल्या माणसांनी जर्मनीचे दप्तर वाचले होते आणि आपल्या खाचरांची मोजणीही त्यांना माहीत होती.

ओसाकाचे उदाहरण याच माळेत बसते, आणि ते एका विद्यार्थ्याचे आहे. सेकी हाजिमे १८९८ ते १९०१ या काळात बेल्जियम आणि जर्मनीत शिकायला राहिले. विषय होते वाहतूक आणि सामाजिक धोरण. परतल्यावर ते वाणिज्य महाविद्यालयात शिकवू लागले. १९१४ साली ते ओसाकाचे उपमहापौर झाले, १९२३ साली महापौर, आणि १९३५ साली मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्या कारकिर्दीत शहराची भुयारी रेल्वे १९३३ साली सुरू झाली आणि मिदोसुजी हा सुमारे ४४ मीटर रुंदीचा राजमार्ग आखला गेला. तो पुरा झाला १९३७ साली, त्यांच्या मागे. हा रस्ता पाहून कुणालाही पॅरिसची आठवण व्हावी. पण सेकी यांनी पॅरिसच्या रस्त्याची नक्कल केली नव्हती. रस्त्याकाठच्या मालकांच्या जमिनींची किंमत वाढणार म्हणून त्यांच्याकडून सुधारणेचा हिस्सा वसूल करून त्यांनी खर्चाचा एक भाग भागवला. युरोपात असताना त्यांनी शहरांचा अर्थव्यवहार अभ्यासला होता, आणि तो आपल्या देशात कोणत्या रूपात चालेल यावर पुढे वीस वर्षे विचार केला. शेतजमिनी एकत्र करून पुन्हा वाटण्याची जर्मन पद्धत जपानने आधी शेतीसाठी घेतली होती. १९१९ च्या नगररचना कायद्याने ती शहरांना लागू केली, आणि १९२३ च्या भूकंपानंतर तोक्योचे सुमारे तीन हजार हेक्टर क्षेत्र त्या पद्धतीने पुन्हा आखले गेले.

या मांडणीवर पहिला आक्षेप असा येईल की डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मन पेटत नाही, आणि मन पेटल्याशिवाय कायदा वाचायची इच्छाच होत नाही. हा आक्षेप खरा आहे. बॅसेट यांना प्रदर्शनानेच झपाटले. विद्यार्थी पहिल्यांदा व्हिएन्नाच्या कार्ल मार्क्स होफपुढे उभा राहतो, एक किलोमीटरहून लांब पसरलेली ती कामगारांची वसाहत, तिच्या कमानी, आतली हिरवी अंगणे पाहतो, तेव्हा गरिबांची घरे इतकी देखणी असू शकतात हे त्याला कळते. ते कळणे मोलाचे आहे. पण तिथेच थांबले तर ते नुसते आश्चर्य राहते. व्हिएन्नाने १९२३ पासून दहा-अकरा वर्षांत साठ हजारांवर घरे बांधली ती ह्युगो ब्राइटनर या अर्थविभागाच्या प्रमुखाने बसवलेल्या घरकरावर. तो कर चढता होता, मोठ्या बंगल्यांवर आणि महाग सदनिकांवर भारी, कामगाराच्या खोलीवर नाममात्र. त्या कराबद्दल एक तास बोलून मग कमानीखाली उभे राहिले तर कमानीही वेगळी दिसते. डोळ्यांचे काम पहिल्या दिवसाचे आहे, आणि दौऱ्याचे उरलेले दिवस दुसऱ्या कामाला हवे आहेत.

पॅट्रिक गेडिस यांचे नाव या आक्षेपाच्या बाजूने नक्की घेतले जाईल, कारण शहर पायी फिरून वाचावे हे त्यांनीच शिकवले. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे ते पहिले प्राध्यापक, १९१९ ते १९२४. गोविंद सदाशिव घुर्ये हे त्यांच्याच प्रोत्साहनाने विलायतेला शिकायला गेले आणि पुढे तोच विभाग त्यांनी चालवला. गेडिस यांनी जगभरच्या शहरांचे नकाशे आणि चित्रे जमवून प्रदर्शन उभे केले होते. १९१४ साली ते प्रदर्शन हिंदुस्थानात येत असताना जर्मन युद्धनौका एमडेनने ते वाहून नेणारे जहाज बुडवले. त्यांनी पुन्हा संग्रह जमवला आणि १९१५ च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन भरवले. पण त्यांचे पाहणे हे आठ दिवसांचे पाहणे नव्हते. १९१८ साली होळकरांच्या इंदूरवर त्यांनी दोन खंडांचा अहवाल लिहिला तो गल्ली न्‌ गल्ली, विहीर न्‌ विहीर हिंडून. जुनी वस्ती पाडून सरळ रस्ता काढण्यापेक्षा किरकोळ दुरुस्ती किती स्वस्त पडते, हे ते आपल्या अहवालांत आकड्यांनिशी दाखवत. त्यांचा पायी फेरफटका हिशेबापाशी येऊन थांबे, म्हणून गेडिस यांची साक्ष उलट माझ्याच बाजूची आहे.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. कायदे दुसऱ्या मातीत रुजत नाहीत, असे तो सांगतो. १९१५ च्या कायद्याखालच्या योजना लवादांच्या सुनावण्यांत वर्षानुवर्षे, कित्येकदा दशके अडकल्या, हे मान्य करावे लागेल. १९५४ साली कायदा बदलला. महाराष्ट्राच्या १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने नगररचना योजनेची तरतूद ठेवली, पण व्यवहारात भर राहिला विकास आराखड्यातल्या आरक्षणांवर, आणि पुढे १९९१ पासून मुंबईत हस्तांतरणीय विकास हक्कांवर. पण तेच बीज गुजरातने १९७६ च्या कायद्यात जपले आणि अहमदाबादने या शतकाच्या सुरुवातीला ७६ किलोमीटरचा सरदार पटेल रिंग रोड अशाच योजनांच्या आधाराने उभा केला. एकाच इलाख्याच्या दोन वारसदारांत एकाने पद्धत चालवली आणि दुसऱ्याने बाजूला ठेवली. तेव्हा दोष मातीचा म्हणता येणार नाही. योजना चालवणाऱ्या मोजणीदारांची, लवादांची, अभिलेखांची पिढी सांभाळली गेली की नाही, एवढाच तो प्रश्न आहे. अलीकडे सिडकोने नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नैना क्षेत्रात आणि पुण्याच्या महानगर प्राधिकरणाने म्हाळुंगे-माण इथे पुन्हा नगररचना योजना हाती घेतल्या आहेत. आडिकेस यांची कल्पना हिंदुस्थानात जिथे आधी रुजली तिथेच शंभर वर्षांनी परत आली, असे म्हणायला हरकत नाही. दिसणारे तेवढेच आणले तर काय होते त्याचा दाखलाही पुण्यातच आहे. २००६ साली पुण्याने देशातला पहिला जलद बसमार्ग कात्रज-स्वारगेट-हडपसर या पट्ट्यात सुरू केला. कुरितिबाने १९७४ पासून आणि बोगोताने २००० पासून दाखवलेला तो मार्ग. रस्त्याच्या मधोमध आखलेली बसची मार्गिका आपण आणली. कुरितिबात त्या मार्गांच्या कडेलाच उंच बांधकामाला परवानगी होती आणि १९६५ पासून एक स्वतंत्र नियोजन संस्था हे सगळे सांभाळत होती, ती जोडणी आपण आणली नाही.

आता प्रवाह उलटाही वाहतो. गेल्या दोन दशकांत युरोप-अमेरिकेतल्या नगररचनेच्या आणि वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांसाठी मुंबई हेच परदेशी शहर झाले आहे, आणि धारावी त्यांचा वर्ग. कुंभारवाड्याच्या भट्ट्या, चामड्याची दुकाने, पत्र्यांच्या छपरांखालचे पापड वाळवण त्यांच्या रेखाटनांत येते, आणि ही रेखाटने प्रेमाने केलेली असतात. पण धारावीचे भवितव्य ठरवणाऱ्या गोष्टी छपरांवर दिसत नाहीत. जमीन बहुतांश सार्वजनिक मालकीची आहे. कोण ‘पात्र’ हे मतदारयादीतल्या आणि पुराव्याच्या तारखेवर ठरते. १९९५ नंतरच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत चटईक्षेत्राचा हिशेब विकासकाला घर बांधायला भाग पाडतो. धारावीत राहणाऱ्या बाईला हा हिशेब तोंडपाठ असतो. पाहुण्या विद्यार्थ्याने तिला तिच्या घराबद्दल विचारण्याआधी तिच्या कागदपत्रांच्या पिशवीबद्दल विचारावे. धारावी कशी चालते आणि का अडते, हे त्याला तिथे लवकर कळेल.

घरबसल्या उपग्रहनकाशे मिळतात, मग जायचेच कशाला, असाही प्रश्न आज विचारला जातो. जे दिसते ते पाहायलाच दौरा काढायचा असेल तर हा प्रश्न रास्त आहे. कायद्याचा मजकूरही घरी वाचता येतो. तो कायदा रोज राबवताना कारकून कुठे अडतो, मोजणी कोण करतो, तक्रार घेऊन आलेला मालक काय म्हणतो, हे मात्र तिथल्या कचेरीत जाऊनच कळते. एखाद्या कायद्याला विरोध कोण करतो हे तिथल्या माणसांकडून ऐकण्याला पर्याय नाही.

परदेशी दौऱ्याची तयारी करणाऱ्या शिक्षकांना म्हणून एक विनंती. निघण्याआधी विद्यार्थ्यांना वांद्र्याच्या किंवा पुण्यातल्या भांबुर्ड्याच्या, म्हणजे आजच्या शिवाजीनगरच्या, एखाद्या जुन्या मिळकतीचा कागद वाचायला द्या. त्यावर नगररचना योजनेचा क्रमांक आणि अंतिम भूखंडाचा क्रमांक अजूनही लिहिलेला असतो.